आंब्यावरची आमरी कॅमेऱ्यात कशी उतरवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या बाई इंदूरला सुदामा नगरात राहतात, नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत, आणि त्यांच्याकडे १८-५५ मिलिमीटरची लेन्स असलेला एक जुना डीएसएलआर कॅमेरा व एक बऱ्यापैकी मोबाइल आहे. महूजवळ त्यांच्या सासरच्या मळ्यात जुन्या आंब्यावर ‘बांदा’ नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते. तिची, आणि घरी भेट म्हणून आलेल्या फॅलेनॉप्सिस या आमरीची छायाचित्रे त्या दोन वर्षे काढत आहेत. फूल डोळ्यांना दिसते तसे चित्रात येत नाही, रंग बदलतो आणि अर्धे फूल धूसर राहते, अशी त्यांची अडचण आहे. अगदी जवळून चित्र घेणारी मॅक्रो लेन्स घ्यावी का, आणि इंदूरच्या आसपास अशी आणखी कोणती आगळी झाडे पाहायला मिळतील, असेही त्यांनी विचारले आहे. सोबत चार छायाचित्रे आहेत.

लेन्सचा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेते, कारण आपली चारही छायाचित्रे पाहिल्यावर दोष लेन्सचा आहे असे मला वाटले नाही. चारही चित्रांत फूल अगदी मधोमध आहे, सकाळी दहा-अकराच्या उन्हात खालून वर पाहून घेतलेले आहे, आणि त्या फुलात आपल्याला नेमके काय दाखवायचे होते हे चित्रावरून कळत नाही. जास्वंदीच्या किंवा गुलाबाच्या बाबतीत एवढ्याने भागते, कारण ती फुले कुठूनही पाहिली तरी ओळखीची वाटतात. आमरीचे तसे नाही. तिच्या फुलाची घडण इतकी वेगळी असते की ती माहीत नसताना घेतलेले चित्र बहुधा चुकीच्या भागावर फोकस झालेले निघते. हा छंद मला लागून बावीस वर्षे झाली, आणि त्यातली पहिली चार-पाच मी याच चुकीत घालवली.

म्हणून प्रथम फूल नीट पाहावे. आमरीच्या फुलात बाहेरच्या वर्तुळात तीन आणि आतल्या वर्तुळात तीन अशी सहा दले असतात. आतल्या तिघांपैकी एक दल बाकीच्यांपेक्षा पूर्ण वेगळे रूप घेते. त्याला ओठ म्हणतात. हा ओठ म्हणजे कीटकाला उतरण्यासाठी केलेला ओटा होय. कळीमध्ये तो वरच्या बाजूला असतो आणि फूल उमलेपर्यंत बहुतेक जातींत देठ अर्धा पीळ खाऊन त्याला खाली आणतो. हा पीळ बाजूने घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसतो. ओठाच्या वर, फुलाच्या मध्यभागी जो लहानसा खुंट दिसतो तो स्तंभ. इतर फुलांत वेगवेगळे असणारे पुंकेसर आणि स्त्रीकेसर इथे त्या एकाच खुंटात एकत्र झालेले असतात. त्याच्या टोकावर एक टोपी असते आणि टोपीखाली परागांचे पिवळे, मेणासारखे गोळे असतात. माणसाच्या छायाचित्रात डोळे स्पष्ट हवेत, हे आपण जाणताच. आमरीच्या फुलाचा डोळा म्हणजे हे स्तंभाचे टोक. ते आणि ओठाची पुढची कड एवढे दोन भाग रेखीव आले, तर बाकीची दले थोडी मऊ राहिली तरी चित्र उभे राहते.

यातून फूल निवडण्याचीही एक रीत मिळते. आपल्या बांद्याच्या तुऱ्यात फुले खालून वर उमलत जातात, त्यामुळे सर्वांत खालचे फूल सर्वांत जुने असते. भिंगाने स्तंभाचे टोक पाहावे. टोपी जागेवर असेल तर फूल ताजे आहे. टोपी गेलेली असेल आणि पिवळे गोळेही नसतील, तर कीटक येऊन गेला आहे आणि ते फूल लवकरच मान टाकणार आहे. खालची तीन-चार फुले पूर्ण उमललेली, टोपीसकट, आणि वर अजून कळ्या शिल्लक, हा तुऱ्याचा सर्वांत चांगला दिवस असतो. तो दिवस हाती लागावा म्हणून आठवड्यातून दोनदा मळ्यावर जावे लागेल. महू जवळच आहे, ही आपली मोठीच सोय आहे.

इथे नावाचा एक घोळ दूर करते, कारण त्याचा त्या झाडाच्या जिवाशी संबंध आहे. आपल्याकडे आंब्यावर वाढणाऱ्या दोन अगदी निराळ्या वनस्पतींना लोक सरसकट बांदा किंवा बांडगूळ म्हणतात. जाड हिरव्या पानांचे, नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांचे जे झुडूप फांदीत रुतून बसलेले असते, ते खरे बांडगूळ. ते आंब्याच्या फांदीतून पाणी आणि क्षार ओढून घेते. आपल्या छायाचित्रात आहे ती व्हँडा टेसेलाटा, म्हणजे रास्ना. ती आंब्याच्या सालीला फक्त धरून राहते, त्याच्याकडून काहीही घेत नाही, आणि सालीवर साचलेल्या धुळीपाचोळ्यातून व पावसाच्या पाण्यातून आपले पोट भरते. गंमत अशी की संस्कृतातील ‘वंदा’ हाच शब्द वनस्पतिशास्त्राने व्हँडा या वंशाच्या नावासाठी उचलला आहे, म्हणजे आपण जे बोलीत म्हणता तेच नाव लॅटिनचा पोशाख घालून परत आले आहे. मळ्यात काम करणाऱ्या माणसांना हा फरक एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवावा. आंबा साफ करताना बांडगुळाबरोबर रास्नाही छाटून टाकलेली मी तीन-चार ठिकाणी पाहिली आहे.

आता उजेड. रास्ना मालव्यात उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर फुलते. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे ऊन करकरीत आणि वारा सुटलेला असतो. सकाळी दहानंतर आंब्याच्या पानांतून उन्हाचे कवडसे फुलावर पडतात, आणि कवडशाचा भाग पांढरा फटक व बाजूचा भाग काळा, असे चित्र मिळते. त्यावर कॅमेऱ्यातील कोणतीही युक्ती चालत नाही. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे आणि साडेसातच्या आत काम आटोपावे. त्या वेळी वाराही पडलेला असतो, आणि ही गोष्ट उजेडाइतकीच महत्त्वाची आहे. आभाळ भरून आलेले असेल तर दिवसभर काम करता येते. मला स्वतःला जूनमधले पहिल्या पावसानंतरचे ढगाळ दिवस फार आवडतात, कारण तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. रास्नाच्या लोंबणाऱ्या मुळांवर एक स्पंजासारखे आवरण असते; कोरडे असताना ते राखाडी-पांढरे दिसते, आणि भिजले की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. एकाच मुळाचा अर्धा भाग भिजून हिरवा आणि अर्धा कोरडा, असे चित्र मला केवळ दोनदा मिळाले आहे. पिचकारीने पाणी मारून ते कधीही मिळवता येईल, परंतु मग ते निरीक्षणाचे चित्र राहत नाही. फुलांवर ग्लिसरीनचे थेंब लावण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल न बोललेलेच बरे.

आंब्यावरच्या फुलाची दुसरी अडचण उंचीची. फूल डोक्यावर दहा-बारा फुटांवर असते, मागे पांढरे आभाळ येते, कॅमेरा त्या आभाळाला भुलतो आणि फुलाचा कोळसा करतो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येऊ द्यायचा उजेड) एक-दीड स्टॉपने वाढवले तर फूल उजळते, पण आभाळ कागदासारखे कोरे होते. यावर खरा उपाय पाय हलवण्याचा आहे. झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारावी आणि अशी जागा शोधावी की फुलामागे आंब्याचे खोड किंवा दाट पालवी येईल. मळ्यात शिडी असतेच. तिच्यावर चढून फुलाच्या पातळीला यावे, खाली शिडी धरायला कोणी तरी उभे असावे, आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असावा. फांदी ओढून खाली आणू नये. रास्नाची मुळे सालीला घट्ट चिकटलेली असतात, ती एकदा सुटली की तो भाग पुन्हा धरायला फार वेळ घेतो.

रंगाची आपली तक्रार अगदी रास्त आहे, आणि तिची कारणे दोन आहेत. पहिले असे की आंब्याखाली येणारा उजेड पानांतून गाळून आलेला असतो, म्हणून तो हिरवट असतो. आपला डोळा ही हिरवट छटा आपोआप वजा करतो, कॅमेरा ती जशीच्या तशी नोंदवतो, आणि दलांच्या पांढऱ्या कडा शेवाळल्यासारख्या येतात. दुसरे कारण असे की रास्नाच्या ओठाचा निळसर जांभळा रंग डिजिटल कॅमेऱ्याला मुळातच अवघड जातो. तो एक तर निव्वळ निळा होतो किंवा गुलाबीकडे झुकतो. दोन्हींवर एकच उपाय आहे. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेल्या मूळ रूपात, घ्यावे, आणि प्रत्येक जागी पहिले चित्र फुलाशेजारी करडे कार्ड धरून घ्यावे. छायाचित्रणाच्या दुकानात ते मिळते. घरी संगणकावर त्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ठरवला की त्या जागेची सर्व चित्रे एकदम सुधारतात. पांढऱ्या कागदाने काम होईल असे पुष्कळांना वाटते, पण आजच्या कागदात निळसर चमक घातलेली असते आणि ती फसवते.

लाल आणि पांढऱ्या फुलांचे दुखणे वेगळे. कळलावीच्या किंवा पळसाच्या फुलात लाल रंग इतका भरलेला असतो की चित्रातल्या उजेडाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसत असतानाही फक्त लाल वाहिनी काठोकाठ भरून वाहते, आणि पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या सगळ्या पुसून जाऊन एक लाल डाग तेवढा उरतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवण्याची सोय असते, ती सुरू करावी आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकणार नाही एवढे एक्स्पोजर कमी करावे. जमिनीवर वाढणाऱ्या पांढऱ्या हॅबेनारिया आमरीसाठीही एक्स्पोजर कमीच करावे लागते, मात्र कारण निराळे: मागे गडद गवत असल्यामुळे कॅमेरा चित्र उगाच उजळतो आणि पांढरी दले जळतात.

आता लेन्स. मॅक्रो लेन्स म्हटले की लोक एकास एक, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा, या आकड्याकडे पाहतात. आपल्या कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. रास्नाचे फूल चार-पाच सेंटिमीटरचे असते, म्हणजे एकास एक प्रमाणात ते चौकटीत मावणारसुद्धा नाही. फुलाच्या चित्राला निम्मे प्रमाण पुरते, आणि तुऱ्याला पाव. एकास एकची गरज पडते ती स्तंभाची टोपी किंवा ओठावरची लव दाखवायची असेल तेव्हाच.

फोकसच्या खोलीचा हिशोबही इथेच करून टाकू, कारण अर्धे फूल धूसर का राहते याचे उत्तर त्यात आहे. आपल्या कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र एफ-११ ठेवले, तर पाव प्रमाणात सुमारे नऊ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, निम्म्या प्रमाणात सुमारे अडीच मिलिमीटर, आणि एकास एकला एक मिलिमीटरही नाही. रास्नाचे फूल पुढून मागे दोन सेंटिमीटर तरी खोल असते. मग छिद्र आणखी लहान करून एफ-३२ का ठेवू नये, असा विचार मनात येतो. परंतु छिद्र फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडांवर पसरतो आणि सगळेच चित्र सारखे मऊ होते. शिवाय जवळून काढताना छिद्राचा परिणामी आकडा आणखी वाढतो: एकास एकला एफ-११ हे प्रत्यक्षात एफ-२२ सारखे वागते. म्हणून एफ-८ ते एफ-११ च्या पुढे मी सहसा जात नाही.

या अडीच मिलिमीटरांत काम भागवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला फुकटचा आहे: कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या पसरलेल्या दलांना समांतर धरावी. आपण खालून वर तिरके पाहून घेतल्यामुळे वरचे दल फोकसच्या बाहेर गेले आहे. त्याच पातळीवर येऊन सरळ समोरून घेतले असते तर पाचही दले एका प्रतलात आली असती आणि फक्त ओठाचे टोक सुटले असते. दुसरा मार्ग म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडणे. निम्म्या प्रमाणात, एफ-८ वर, दोन सेंटिमीटर खोल फुलासाठी पंधरा-सोळा चित्रे लागतात. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉप, यांपैकी कोणीही ते जोडकाम करते. मात्र त्या पंधरा चित्रांच्या दरम्यान फूल हलता कामा नये, आणि आंब्यावरच्या तुऱ्याच्या बाबतीत ही अट वर्षातून एखाद्या सकाळीच पुरी होते. त्यामुळे हे तंत्र घरच्या फॅलेनॉप्सिसवर शिकावे. बाहेर ते चालले तर आनंद मानावा, नाही चालले तर एकाच नेमक्या चित्रावर समाधान मानावे. कागदासारखे सपाट, सर्वत्र रेखीव असे चित्र मला तरी नेहमी आवडते असे नाही.

तर खर्चाबाबत माझा सल्ला असा. मॅक्रो लेन्स आत्ता घेऊ नये. आपल्या १८-५५ ला ५५ वर ठेवून मधे एक्स्टेन्शन ट्यूब लावली, तर निम्म्या किंवा त्याहूनही मोठ्या प्रमाणापर्यंत सहज जाता येते. ट्यूबमध्ये भिंग नसते, ती पोकळ नळी असते, म्हणून ती स्वस्त असते; फक्त विद्युत-जोडणी असलेली घ्यावी, नाही तर छिद्र कमीजास्त करता येत नाही आणि ऑटोफोकसही जातो. हिची अडचण एवढीच की फुलाच्या फार जवळ जावे लागते आणि आपलीच सावली त्यावर पडते. एक वर्ष अशी चालवून पाहावी. त्यानंतरही हौस टिकली, तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी, कारण तिने वीतभर दूर राहून काम होते. ट्रायपॉड मात्र आत्ताच चांगला घ्यावा, ज्याचे पाय जमिनीलगत पसरतात आणि मधला दांडा त्याच्या वाटेत येत नाही असा. दांडा आडवा करता येत असेल तर त्याहून उत्तम. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत हे पाय असे रुतून बसतात आणि चिखलाचे असे गोळे घेऊन वर येतात, की पायांखाली मी जुन्या चपलांचे तळ कापून ठेवते. ते हास्यास्पद दिसते, पण उपयोगी पडते.

मोबाइलबद्दल थोडेच. त्याचा मॅक्रो म्हणून जो पर्याय असतो तो बहुतेक फोनांत सर्वांत रुंद लेन्स वापरतो, त्यामुळे फोन फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो, उजेड अडतो आणि ओठ भोपळ्याएवढा दिसतो. त्याऐवजी दुप्पट किंवा तिप्पट वाढ देणारी खरी लेन्स फोनमध्ये असेल तर ती निवडून हातभर मागे यावे.

फॅलेनॉप्सिसला आपण शोभेची वस्तू समजता, मी तिला तालमीची जागा समजते. तिचे फूल दोन-दोन महिने टिकते, वाऱ्याने हलत नाही आणि दुपारीही तक्रार करत नाही. उत्तरेच्या खिडकीशी तिला ठेवावे, काचेवर पांढरे मलमलचे कापड लावावे, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा उभा करावा, म्हणजे सावलीची बाजू हळूच उजळते. मग तो तुकडा जवळ-दूर करत, कापड काढत-लावत, वीस दिवस एकाच फुलाची चित्रे घ्यावीत. थर्मोकोल चार बोटे सरकवल्याने स्तंभाखालची सावली कशी बदलते हे हाताला कळले, की मळ्यात तेच काम पांढऱ्या रुमालाने करता येते. इंदुरात ही तालीम करताना आपण एका जुन्या परंपरेत आहात, हेही सांगून ठेवते: नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८७४ मध्ये छायाचित्रणाला सुरुवात केली ती इंदुरातच, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करता करता.

आता आगळ्या झाडांकडे येते. इंदूरची भूमी सह्याद्रीसारखी आमरींनी गजबजलेली नाही हे खरे, पण विंध्याची कड हाकेच्या अंतरावर आहे आणि पावसाळ्याचे तीन महिने तिथे पुष्कळ काही घडते. जानापाव, चोरल आणि सिमरोल घाटाचे उतार जूनअखेर ते सप्टेंबर पायी फिरावेत. जमिनीवरच्या आमरींपैकी अमरकंद आणि नर्व्हिलिया या पहिल्या पावसाबरोबर फुलतात, आणि पांढरी-हिरवी हॅबेनारिया गवत उंच झाल्यावर, ऑगस्टच्या सुमारास. यांतील नर्व्हिलिया ही छायाचित्रकाराची परीक्षा पाहते: आधी नुसता फुलाचा दांडा जमिनीतून वर येतो, पान नसते, फूल गेल्यावर काही दिवसांनी एकच पान वर येते. फूल आणि पान एका चित्रात कधीच सापडत नाही, म्हणून जागेवर दगडांची खूण करून दोनदा जावे लागते. हॅबेनारियाची ओळख पटवायची तर समोरून घेतलेले देखणे चित्र पुरत नाही. फुलामागे लोंबणारी मधाची नळी, म्हणजे शुंडिका, किती लांब आहे, ती बीजांडकोशापेक्षा लांब की आखूड, ओठाचे भाग किती आणि कसे, यावर जात ठरते. त्यासाठी बाजूने घेतलेले चित्र हवेच. मी प्रत्येक झाडाची निदान पाच चित्रे घेते: भोवतालासह संपूर्ण झाड, पाने, समोरून फूल, बाजूने फूल, आणि शेजारी मोजपट्टी धरून एक. पाचवे चित्र कोणालाही आवडत नाही, आणि पाच वर्षांनी तेच एक उपयोगी पडते.

कळलावी आपल्याकडे कुंपणांवर पावसाळ्यात सर्रास दिसते, म्हणून तिला कोणी आगळी म्हणत नाही. परंतु एकाच वेलीवर हिरवट-पिवळ्या, पिवळ्या-लाल आणि पूर्ण लाल अशा वयाच्या तीन पायऱ्या एकत्र मिळतात, आणि मागे वळलेल्या पाकळ्यांखाली काटकोनात बाहेर आलेला कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, नीट दिसेल अशी बाजू शोधण्यात एक तास सहज जातो. तिचा कंद अत्यंत विषारी आहे. हात लावल्यास धुवावेत. खर्पुडी या रानवनस्पतीचे फूल तर बोटाच्या दोन पेरांएवढे, कंदिलासारखे: खाली फुगीर नळी, वर टोकाला जुळलेल्या पाकळ्यांची जाळी. बारीक माश्या आत उतरतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही, आणि केस कोमेजल्यावरच त्यांची सुटका होते. तिला मागून उजेड द्यावा, म्हणजे नळीच्या भिंतीतून आत अडकलेल्या माशीची सावली दिसते.

मांडवगडच्या गोरखचिंचा आपण पाहिल्याच असतील, बहुधा पर्यटकांच्या गर्दीत आणि निष्पर्ण अवस्थेत. पावसाच्या सुमारास, झाड पालवल्यावर, त्यांना लांब देठावर लोंबणारी मोठी पांढरी फुले येतात. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळतात. म्हणजे त्यासाठी मुक्काम करावा लागतो आणि फ्लॅश लागतो. फ्लॅशपुढे पांढरे कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावावा, नाही तर पांढऱ्या पाकळ्यांवर काहीही उरत नाही. थोडे दूर जाण्याची तयारी असेल तर पचमढीला जावे. तिथल्या ओलसर दऱ्यांत वृक्षनेचे आहेत, आणि पाणथळ कातळावर दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती आहे. ती रुपयाच्या नाण्याएवढी असते, तेव्हा पोटावर आडवे पडावे लागेल.

पोटावर आडवे पडण्यावरून एक कबुली देते. चोरलजवळच्या उतारावर एका हॅबेनारियाचे सुंदर चित्र घेऊन मी उठले, तेव्हा माझ्या कोपराखाली तिचीच तीन लहान रोपे चिरडलेली होती. आमरीचे बी धुळीएवढे असते, त्यात अन्नाचा साठा नसतो, आणि विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. ती तीन रोपे तिथे येण्यासाठी किती बिया वाया गेल्या असतील याचा हिशोबही करवत नाही. तेव्हापासून गुडघा टेकण्याआधी मी त्या जागेवर हात फिरवून पाहते, आणि आडवे आलेले गवत कापत नाही, सुतळीने बाजूला बांधते व निघताना सोडते.

पावसात फिरताना कॅमेऱ्याइतकीच स्वतःची काळजी घ्यावी. गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत, गवतात काठी आपटत चालावे, आणि ओढ्याच्या पात्रात कधीही ट्रायपॉड लावू नये. पाताळपाणी धबधब्यावर जुलै २०११ मध्ये वरून अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेले होते. खाली ऊन असले तरी वर पाऊस झालेला असू शकतो. घरी आल्यावर कॅमेरा पिशवीत तसाच ठेवू नये. माझी पहिली चांगली लेन्स कपाटात, कातडी पाकिटात, एका पावसाळ्यात बुरशीने गेली. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर ते टळले असते. तांदळात ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये, कोंडा तेवढा आत जातो.

शेवटी आपण विचारले आहे की ही चित्रे इतरांना दाखवताना जागा सांगावी का. बांद्याची सांगायला हरकत नाही, तो आपल्याच मळ्यात आहे. तरी ‘महूजवळ’ एवढे पुरे. जंगलातल्या आमरीची सांगू नये. अमरकंदाचे कंद औषधी म्हणून खणले जातात. एका वर्षी मी एका ओळखीच्या गृहस्थांना मोठ्या विश्वासाने अशी जागा दाखवली होती. पुढच्या जूनमध्ये तिथे खड्डे होते. त्यांनीच खणले असे मी म्हणत नाही, त्यांनी आणखी कोणाला सांगितले असेल. आमरी कुळातील सर्व जाती सायटीस या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांत आहेत, पण चोरलच्या उतारावर रात्री कुदळ घेऊन येणाऱ्याला ते कोण सांगणार? आयनॅचुरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण अस्पष्ट करण्याचा पर्याय निवडता येतो, तो निवडावा. मोबाइलच्या चित्रात अक्षांश-रेखांश आपोआप साठवले जातात, ते चित्र पाठवण्यापूर्वी काढून टाकावेत. मूळ नोंद मात्र आपल्या वहीत पूर्ण ठेवावी: तारीख, वेळ, जागा, कोणत्या झाडावर, सोबत काय फुलले होते. आपल्या आंब्याची अशी वही या उन्हाळ्यापासूनच सुरू करावी, आणि पहिल्या पानावर तुऱ्यात एकूण किती कळ्या होत्या आणि त्यांतली किती फुले शेंगेपर्यंत पोहोचली, एवढे मोजून लिहावे.